भक्तिगीतकार थॉमस अँड्र्यू डॉर्सी

थोर पुरुषांचीं चरित्रें विद्यार्थ्यांपुढें ठेवतांना बहुधा राज्यकर्ते, शास्त्रज्ञ किंवा धर्मोपदेशक यांची निवड केली जाते. यंदा आम्ही एका पियानो वाजविणाऱ्या माणसाचें चरित्र देत आहों. त्याच्यापाशीं अधिकार नव्हता, विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि धनहि नव्हतें. तो गाणीं रचीत असे. त्यांपैकीं एक गाणें आज जगांतील अनेक भाषांत उपासनेच्या वेळीं गाइलें जातें. परंतु तें गाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस रचणाऱ्याचें नांव ठाऊक असतें. तें नांव थॉमस अँड्र्यू डॉर्सी.

ह्या चरित्रांत एक प्रश्न आहे, आणि तो ख्रिस्ती घरांतील आईबापांस केव्हां ना केव्हां पडतोच. मुलाच्या अंगची कला जर नाटकगृहांत आणि रात्रीच्या बैठकींत वाढली असेल, तर ती देवाच्या घरांत आणतां येईल काय? कीं ती दाराबाहेर ठेवूनच आंत यावें? डॉर्सी यांच्या काळच्या मंडळीनें ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथम एक दिलें आणि मागाहून दुसरें दिलें. तें कसें घडलें, हें आम्ही पुढें सांगत आहों.

डॉर्सी यांचा जन्म १ जुलै १८९९ रोजीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांत, व्हिला रिका नांवाच्या लहानशा गांवीं झाला. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली होती. परंतु दक्षिणेंतील कृष्णवर्णीय लोकांचें दारिद्र्य आणि त्यांचा अपमान हीं कांहीं कायद्यानें बंद झालीं नव्हतीं. थॉमसचे वडील फिरते उपदेशक होते. उपदेशावर पोट भरत नसे, म्हणून ते दुसऱ्याच्या जमिनींत बटाईनें शेती करीत. आई एट्टाबाई उपासनेच्या वेळीं वाद्य वाजवीत. त्यांच्यापाशीं बरोबर नेतां येण्याजोगी एक लहान पायपेटी होती. तिच्यावरच थॉमसनें आपले पहिले सूर धुंडाळले.

त्या घरांत दोन प्रकारचें संगीत येत असे. एक देवळांतलें. तेथें जुनीं इंग्रजी भक्तिगीतें संथ आणि लांबविलेल्या सुरांत, शब्दांमध्यें हुंकार मिसळून गात. दुसरें मामाचें. मामा गिटार घेऊन ठिकठिकाणीं हिंडत आणि ब्लूज नांवाचीं गाणीं गात. हीं दोन्हीं संगीतें एकाच समाजाच्या कंठांतून निघालेलीं होतीं. परंतु लोकांच्या मनांत दोहोंमध्यें मोठी भिंत होती.

ब्लूज म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तें दुःखाचें गाणें होय. त्याचें कडवें तीन ओळींचें असतें. पहिली ओळ गाऊन तीच पुन्हां गावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. एकेक ओळ चार आवर्तनांची, म्हणून सबंध कडवें बारा आवर्तनांत बसतें. त्यांतील गंधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्यामध्यें कोठें तरी घसरते ठेवतात. त्यामुळें सुराला हुंदक्यासारखा कंप येतो. विषय म्हणावे तर रोजचेच: थकलेलें भाडें, न मिळणारें काम, दूर जाणारी आगगाडी, सोडून गेलेलें माणूस. हें गाणें शनिवारीं रात्रीं दारूच्या गुत्त्यांत आणि नाचाच्या घरांत गात, म्हणून पुष्कळ सज्जन लोक तें सैतानाचें संगीत समजत. तेंच लोक रविवारीं सकाळीं देवळांत बसत, आणि त्यांच्या मनांत मात्र कालचेंच दुःख असे.

१९०८ च्या सुमारास हें कुटुंब अटलांटा शहरीं आलें. खेड्यांत उपदेशकाचा मुलगा म्हणून थॉमसला थोडाबहुत मान होता. शहरांत वडिलांस मजुरी करावी लागली, आई लोकांचे कपडे धुऊं लागल्या, आणि शाळेंत थॉमसला खालच्या इयत्तेंत बसविण्यांत आलें. वर्गांतील मुलें त्याच्या रूपाला व कपड्यांना हसत. चौथ्या इयत्तेपलीकडे त्याचें शिक्षण गेलें नाहीं. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस हें वाक्य लिहितांना मनाला टोंचणी लागल्यावांचून राहत नाहीं. ज्या मुलाचें नांव पुढें संगीताच्या इतिहासांत लिहिलें गेलें, त्याला वर्गांत जागा नव्हती. नाटकगृहांत मात्र होती.

डिकेटर रस्त्यावर ‘८१’ ह्या नांवाचें एक नाटकगृह होतें. तेथें थॉमस खेळाच्या वेळीं सोडावॉटर विकूं लागला. विकतां विकतां त्याची नजर पियानोवाल्याच्या बोटांवर असे. ऐकलेलें तो घरीं जाऊन पायपेटीवर वाजवून पाही. कोणी शिकविण्यास तयार झाल्यास तो मैलोगणती चालत जाई. थोड्याच वर्षांत रात्रीच्या बैठकींत वाजविण्यासाठीं त्याला बोलावणीं येऊं लागलीं. त्या बैठकी कशा असत, हें पालकांस सांगावयास नको. उपदेशकाच्या घरांतील मुलानें कोणती वाट धरली, असेंच त्या वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं म्हटलें असेल.

त्या काळांत दक्षिणेंतील कृष्णवर्णीय लोक हजारोंच्या संख्येनें उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत जाऊं लागले होते. १९१६ च्या सुमारास डॉर्सी यांनींहि शिकागोची वाट धरली. तेथें ते रात्रीं खाजगी जागेंत होणाऱ्या बैठकींत पियानो वाजवीत. आवाज बाहेर जाऊन पोलीस येऊं नयेत म्हणून ते अगदीं हलक्या हातानें वाजवीत. त्यावरून त्यांस लोक कुजबुजता पियानोवाला म्हणूं लागले. दिवसां त्यांनीं संगीत लिहिण्याचें आणि रचण्याचें रीतसर शिक्षण घेतलें. हा भाग विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. कानानें येत असलेली विद्या कागदावर उतरवितां यावी, यासाठीं त्यांनीं तरुणपणीं पुन्हां विद्यार्थी होणें पत्करलें. पुढें जें कांहीं घडलें, तें ह्या एका गोष्टीवांचून घडलें नसतें.

१९२० सालीं अति श्रमानें त्यांची प्रकृति ढांसळली. मन खचलें, आणि त्यांस आईकडे परत जावें लागलें. आईनें त्यांस ते बैठकींचें जीवन सोडून प्रभूची सेवा करण्याविषयीं कळवळून सांगितलें. पुढच्या वर्षीं, १९२१ सालीं, शिकागो येथें बॅप्टिस्ट मंडळ्यांची राष्ट्रीय परिषद भरली असतां डब्ल्यू. एम्. निक्स नांवाच्या गायकाचें भक्तिगीत त्यांच्या कानीं पडलें. निक्स छापलेले सूर जसेच्या तसे गात नसत. शब्दाशब्दावर थांबून, सुराला हेलकावे देऊन ते गाण्यांत जीव ओतीत. डॉर्सी भारावून गेले. भक्तिगीत असेंहि गातां येतें, हें त्यांस त्या दिवशीं कळलें. त्यांनीं एकदोन भक्तिगीतें रचलींहि. परंतु त्या गीतांवर पोट भरेना, आणि ते पुन्हां नाटकगृहाकडे वळले.

त्या जगांत त्यांचें नांव झपाट्यानें पुढें आलें. १९२३ सालीं किंग ऑलिव्हर यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदानें त्यांची एक रचना ध्वनिमुद्रित केली. १९२४ सालीं ब्लूजची जननी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायिका मा रेनी यांच्या वाद्यवृंदाचे ते प्रमुख झाले. मा रेनी यांचा रंगभूमीवरील प्रवेश मोठा नाट्यमय असे. पडदा वर गेला कीं रंगमंचावर एक प्रचंड ग्रामोफोनची पेटी दिसे. एक मुलगी तिच्यावर तबकडी ठेवल्यासारखें करी. आंतून गाणें ऐकूं येई, आणि मग दार उघडून स्वतः मा रेनी सोन्याच्या नाण्यांच्या माळा घालून बाहेर येत. त्यांच्या गाण्यानें प्रेक्षक डोलत, रडत, ओरडत. दुःखित माणसाच्या मनापर्यंत सूर कसा पोंचवावा, हें डॉर्सी तेथें पियानोवर बसून शिकले. १९२५ सालीं नेटी हार्पर ह्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. नेटीबाईहि मा रेनी यांच्या मंडळींत पोषाखांच्या व्यवस्थेवर काम करीत.

१९२६ सालीं त्यांच्यावर पुन्हां आजार कोसळला, आणि तो पहिल्याहून कठीण होता. दोन वर्षें त्यांच्या हातून धड काम झालें नाहीं. डॉक्टरांस कांहीं सांपडेना. एकदां तर आत्मघाताचा विचारहि त्यांच्या मनांत येऊन गेला. नेटीबाईंनीं स्वतः काम करून घर चालविलें. अखेरीस एका नातलग बाईंनीं त्यांस उपासनेस नेलें; तेथील पाळकानें त्यांस विश्वासाचा धीर दिला, आणि ते हळूहळू सांवरूं लागले. त्याच सुमारास शेजारचा एक तरुण मित्र अल्पशा आजारानें एकाएकीं वारला. आपण इतके दिवस अंथरुणावर असून जिवंत, आणि तो धडधाकट असून गेला, ह्या विचारांतून त्यांनीं एक भक्तिगीत लिहिलें. त्याची चाल ब्लूजची होती आणि शब्द प्रार्थनेचे होते.

तें छापून त्यांनीं शेंकडों प्रती निरनिराळ्या मंडळ्यांस पोस्टानें पाठविल्या. पोस्टाचा खर्चहि उसना काढलेला होता. बराच काळ एकहि मागणी आली नाहीं. ते स्वतः देवळादेवळांतून आपलीं गीतें घेऊन हिंडले. कोठें पाळकांनीं गाऊं दिलें, कोठें उभेंहि राहूं दिलें नाहीं.

ह्या पाळकांस नांवें ठेवण्याची घाई आम्ही करूं इच्छीत नाहीं. शिकागोंतील मोठ्या मंडळ्यांत त्या वेळीं हँडेल, मेंडेलसोन इत्यादि युरोपीय रचनाकारांचीं गीतें चार आवाजांत, कागदावर लिहिल्याप्रमाणें गात. गुलामगिरींतून वर आलेल्या समाजाला आपली सभ्यता जगापुढें सिद्ध करावयाची होती. टाळ्या वाजविणें, डोलणें, गातांना हुंकार काढणें ह्या गोष्टींनीं त्यांस जुन्या हालअपेष्टांची आणि हेटाळणीची आठवण होई. ज्या खोलींतून बाहेर पडण्यासाठीं इतके कष्ट केले, त्याच खोलीचा वास ह्या माणसाच्या सुरांना येतो, असें त्यांस वाटलें. त्यांचा हेतु वाईट नव्हता. परंतु खेड्यांतून नव्यानें आलेला मजूर त्या भव्य देवळांत मागच्या बांकावर मुका बसून राही, हें त्यांच्या लक्षांत आलें नाहीं. उपासनेंत कोणती चाल शोभते, हा वाद आमच्या मराठी मंडळींतहि होऊन गेला आहे. नारायण वामन टिळक यांनीं अभंग आणि भजन यांचें वळण उपासनेंत रुजविलें, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस डॉर्सी यांची अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं.

आतां आम्ही अशा एका गोष्टीकडे येतों कीं, जी शाळेच्या वार्षिकांत वगळली असती तरी चाललें असतें. १९२८ सालीं, म्हणजे भक्तिगीतें लिहूं लागल्यानंतर, डॉर्सी यांनीं टँपा रेड नांवाच्या गिटारवादकाबरोबर एक द्व्यर्थी आणि उच्छृंखल गाणें ध्वनिमुद्रित केलें. त्या तबकड्या अमाप खपल्या. घरीं पैसा आला. पुढें तीनचार वर्षें ते एका हातानें भक्तिगीतें आणि दुसऱ्या हातानें अशीं गाणीं लिहीत राहिले. तबकडीवर त्यांचें नांव जॉर्जिया टॉम असें येई. ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं, कारण ती लपविल्यास चरित्र खोटें होईल. मनुष्याचें मन एका दिवसांत सबंध पालटतें, असें पुष्कळ पुस्तकांतून लिहिलेलें असतें. डॉर्सी यांचें तसें पालटलें नाहीं. ते दोन पावलें पुढें गेले, एक मागें आले, आणि पुन्हां पुढें गेले. ज्या विद्यार्थ्यांचा निश्चय वारंवार मोडतो, त्यांस ह्यांत निराशेपेक्षां आधारच अधिक सांपडेल.

१९३० सालीं वारा बदलला. शिकागो येथें भरलेल्या बॅप्टिस्ट परिषदेंत विली मे फोर्ड स्मिथ ह्या बाईंनीं डॉर्सी यांचें तें मित्राच्या मृत्यूवरील गीत गाइलें. सभा हेलावून गेली, आणि हजारों प्रती हातोहात खपल्या. लोकांना हें संगीत हवें होतें. तें मागण्याचें धैर्य तेवढें कोणास झालें नव्हतें. १९३१ सालीं थिओडोर फ्राय नांवाच्या गायकाच्या साहाय्यानें डॉर्सी यांनीं शिकागोच्या एबेनेझर बॅप्टिस्ट मंडळींत नव्या पद्धतीचें गायकमंडळ उभारलें. तेथील पाळकांस दक्षिणेकडून आलेल्या लोकांसाठीं तशीच उपासना हवी होती. पुढच्याच वर्षीं पिलग्रिम बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड ज्युनियस ऑस्टिन यांनीं डॉर्सी यांस आपल्याकडे बोलाविलें. पिलग्रिमचें देऊळ मूळ यहुदी सभास्थान म्हणून बांधलेलें, शिकागोंतील नामांकित इमारतींपैकीं एक होतें. तेथें ते सुमारें पन्नास वर्षें गायनप्रमुख राहिले.

परंतु त्या पहिल्याच वर्षीं, १९३२ च्या ऑगस्ट महिन्यांत, जें घडलें, त्यामुळेंच आज आम्ही हें चरित्र लिहीत आहों. सेंट लुई शहरीं एका मोठ्या संजीवन-सभेंत गाण्यासाठीं त्यांस जावयाचें होतें. नेटीबाईंचे दिवस भरत आले होते. डॉर्सी यांचें मन निघण्यास घेईना. ते मोटारींतून निघाले, आणि कांहीं अंतर गेल्यावर गाण्याच्या कागदांची पिशवी घरींच राहिल्याचें त्यांस आठवलें. ते परत आले. पत्नी गाढ झोंपली होती. तिला न उठवितां पिशवी घेऊन ते पुन्हां निघाले. हा प्रसंग त्यांनीं पुढें आयुष्यभर अनेकदां सांगितला.

दुसऱ्या रात्रीं सभेंत गात असतां एका मुलानें त्यांच्या हातांत तार आणून दिली. नेटीबाई प्रसूतींत मरण पावल्या होत्या. सभेंतील लोक अजून आनंदानें गात होते. एका मित्रानें त्यांस मोटारींतून घरीं आणलें. मुलगा झाला होता. त्याला पाहून क्षणभर त्यांस आधार वाटला. परंतु थोड्याच तासांत तें बाळहि गेलें. मायलेंकरांस एकाच पेटींत ठेवून मूठमाती देण्यांत आली.

डॉर्सी यांचें वय तेव्हां तेहतीस होतें. देवानें आपल्यावर अन्याय केला, असें त्यांस वाटलें, आणि तें त्यांनीं लपविलें नाहीं. आतां त्याची सेवा करावयाची नाहीं, भक्तिगीतें लिहावयाचीं नाहींत, जुन्या जगांत परत जावें, असे विचार त्यांच्या मनांत घोळत राहिले. हा संताप पाहून कोणी विश्वासी माणूस दचकूं नये. पवित्र शास्त्रांतील ईयोब ज्यांनीं वाचला आहे, ज्यांनीं स्तोत्रसंहितेंतील विलाप वाचले आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं, देवाशीं भांडणारा मनुष्य देवापासून दूर गेलेला असतोच असें नाहीं. जो अजून बोलतो आहे, तो अजून समोरच उभा आहे.

कांहीं दिवसांनीं फ्राय त्यांस पोरो कॉलेज नांवाच्या संस्थेंत घेऊन गेले. तेथें एक शांत खोली होती आणि तिच्यांत पियानो होता. डॉर्सी सहज बोटें फिरवूं लागले. बोटांखालीं एकोणिसाव्या शतकांतील एका जुन्या भक्तिगीताची चाल आली. तिच्यावर नवे शब्द येऊं लागले. थकलेला, अशक्त आणि एकटा पडलेला मनुष्य अंधारांतून चालतां चालतां प्रभूपाशीं आपला हात धरण्याची याचना करतो, एवढाच त्या शब्दांचा आशय. संबोधनासाठीं त्यांनीं आधीं प्रभूला धन्य म्हटलें होतें. फ्राय यांनीं त्या जागीं मोलवान ह्या अर्थाचा दुसरा शब्द सुचविला, आणि तोच कायम झाला. पहिला शब्द स्तुतीचा आहे. दुसरा शब्द, ज्याचें सर्वस्व गेलें आहे आणि ज्याच्यापाशीं आतां एकच ठेवा उरला आहे, त्याच्या तोंडचा आहे.

तें गीत म्हणजे ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. त्याची चाल जुनी, परंतु तिला मिळालेली गति आणि सुरांचे हेलकावे ब्लूजचे. शब्द साध्या माणसाचे आणि प्रथम पुरुषीं एकवचनी. एबेनेझर मंडळींत तें प्रथम गाइलें गेलें, तेव्हां लोक ओक्साबोक्शीं रडले, असें सांगतात. शनिवारच्या रात्रीचें दुःख आणि रविवारच्या सकाळची प्रार्थना यांमधील भिंत त्या एका गीतानें पडली. ती वादविवादानें पडली नव्हती. एक मनुष्य आपलें सगळें दुःख, त्याला बोलतां येणाऱ्या एकुलत्या एका भाषेंत, देवापुढें घेऊन गेला. ती भाषा ब्लूजची होती. आतां तिला अपवित्र कोण म्हणणार?

ह्यानंतर डॉर्सी यांनीं ब्लूजच्या धंद्याचा कायमचा निरोप घेतला. परंतु ब्लूजचा सूर सोडला नाहीं. हा भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९३३ सालीं सॅली मार्टिन इत्यादि सहकाऱ्यांच्या मदतीनें त्यांनीं सुवार्ता-गीतें गाणाऱ्या गायकमंडळांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली, आणि दशकानुदशकें तिचें अध्यक्षपद सांभाळलें. सॅली मार्टिन ह्या व्यवहारांत दक्ष बाई. डॉर्सी यांचा हिशेब अगदीं विस्कळीत असे. तो ह्या बाईंनीं मार्गीं लावला, आणि शहरोशहरीं हिंडून गीतांच्या छापील प्रती विकल्या. पैसे हातीं येऊं लागले ते त्यामुळें. महेलिया जॅक्सन ही त्या वेळची तरुण गायिका रस्त्याच्या कोंपऱ्यावर उभी राहून गाई, आणि डॉर्सी बाजूस उभे राहून दहा सेंटांस एक प्रत विकीत. तिच्यासाठीं त्यांनीं ‘पीस इन द व्हॅली’ हें गीत लिहिलें. १९५१ सालीं रेड फोली आणि १९५७ सालीं एल्व्हिस प्रेस्ली ह्या गोऱ्या गायकांनीं तें मुद्रित केलें, आणि तें घरोघरीं पोंचलें. ज्या दक्षिणेंत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा आणि देवळें वेगवेगळीं होतीं, तेथें दोघांच्या ओठीं एकच गीत आलें. १९४१ सालीं डॉर्सी यांनीं कॅथरिन मोझ्ली यांच्याशीं विवाह केला. पुढें त्यांस दोन मुलें झालीं.

मार्टिन ल्यूथर किंग यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. १९५९ सालीं ते भारतांत आले, तेव्हां मुंबईस मणिभवनांत, गांधीजींच्या जुन्या बिऱ्हाडीं, ते उतरले होते. डॉर्सी यांचें तें गीत त्यांस फार प्रिय होतें. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळीं मेंफिस शहरीं, गोळी लागण्याच्या कांहीं क्षण आधीं, त्यांनीं खालीं उभ्या असलेल्या बेन ब्रांच नांवाच्या वादकास त्या रात्रीच्या सभेंत तेंच गीत वाजविण्यास सांगितलें होतें. ती सभा त्यांच्या नशिबीं नव्हती. ९ एप्रिल रोजीं त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं महेलिया जॅक्सन यांनीं तें गाइलें. एका बाळंतिणीच्या मृत्यूवर लिहिलेलें गीत छत्तीस वर्षांनीं सबंध समाजाच्या शोकाला पुरलें.

१९७३ सालीं कोलंबिया कंपनीनें डॉर्सी यांच्या निवडक भक्तिगीतांचा एक संग्रह नव्यानें मुद्रित करून काढला. जुनीं गीतें, आणि तीं नव्या ढंगानें गाणारे मॅरियन विल्यम्स, बेसी ग्रिफिन, डिक्सी हमिंगबर्ड्स असे नामांकित गायक, असा तो योग होता. ज्या माणसाच्या प्रती एके काळीं कोणी विकत घेत नव्हतें, त्याच्या हयातींतच पुढच्या पिढीनें त्याचें ऋण ह्या रीतीनें फेडलें. २००२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें, देशाचा ठेवा म्हणून कायम जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तींत हा संग्रह आहे. तो मिळवून विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावा. त्यांत जुनें कोठें संपतें आणि नवें कोठें सुरू होतें, हें कानाला सांगतां येत नाहीं.

२३ जानेवारी १९९३ रोजीं शिकागो येथें, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, डॉर्सी यांचें देहावसान झालें. शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाच्या विकारानें त्यांची आठवण हळूहळू मावळत गेली होती. ६ जानेवारी २००६ रोजीं पिलग्रिमच्या देवळास आग लागली. छप्पर कोसळलें, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. गीतांचीं कांहीं मूळ हस्तलिखितें तींत जळालीं, ही हानि भरून येण्यासारखी नाहीं. परंतु गीतें तोंवर लोकांच्या कंठांत गेलीं होतीं, आणि तेथें आगीचें कांहीं चालत नाहीं.

आरंभीं आम्हीं एक प्रश्न मांडला होता. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या अंगीं एखादा गुण दिसला आणि तो गैर ठिकाणीं वाढत आहे असें वाटलें, तर ठिकाण बदलावें; गुण मारूं नये. एट्टाबाईंनीं मुलाला प्रभूच्या सेवेकडे बोलाविलें, पण त्याच्या हातांखालची पायपेटी काढून घेतली नाहीं. पाळकांस आणि आम्हां शिक्षकांस हें चरित्र विचारतें कीं, मागच्या बांकावर मुका बसलेला कोण आहे, आणि त्याची भाषा आपल्यापैकीं कोणास येते? विद्यार्थ्यांस मात्र आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. तुमच्यावर दुःखाचा प्रसंग येऊं नये, अशीच आमची प्रार्थना आहे. परंतु तो आल्यास प्रार्थनेसाठीं निराळे, सोंवळे शब्द शोधीत बसूं नका. तुम्हांस जे येत असतील ते शब्द आणि तुम्हांस जे येत असतील ते सूर घेऊन जा. डॉर्सी तसेच गेले होते.